आवाज न करणारी गाडी

शनिवार, ३१ जानेवारी २०२६

आज ध्रुव पुण्याहून येऊन नवी गाडी दारात लावून गेला. पुढे कोणी म्हणू नये की विष्णु टिपणिसांनी उतारवयात हौस केली, म्हणून ही वही. हौस माझी नाही. गाडी माझ्यावर लादलेली आहे.

माझी डिझेल गाडी एप्रिलमध्ये पंधरा वर्षांची होते. आरटीओ आमच्या पेणमध्येच आहे, नेऊन पुन्हा पासिंग करून घेतलं असतं तर अजून पाच वर्षं आरामात चालली असती. पण चिरंजीव मोटारींच्या कंपनीत साहेब. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवतेय. त्याची गाडी उभी राहून खराब होण्यापेक्षा बाबांनी चालवावी आणि स्वतःची मोडीत काढावी, असा बेत ठरला. ठरल्यावर मला कळवण्यात आला.

या प्रकाराला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. पोटात पेट्रोलचं इंजीन आहे आणि बॅटरीही आहे. मोबाइलसारखी भिंतीला लावून ठेवायची, मग पन्नास-साठ किलोमीटर विजेवर जाते. बॅटरी संपली की इंजीन आपोआप सुरू होतं. मी विचारलं, पेट्रोल आहेच तर बॅटरी कशाला, आणि बॅटरी आहे तर पेट्रोल कशाला? ध्रुवने वीस मिनिटं समजावलं. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. स्वतःला विषय कळलेला नसला की माणूस वीस मिनिटं बोलतो.

जाताना म्हणतो, "बाबा, ताईलाही एकदा यातून फिरवून आणा."  तो विषय नऊ वर्षांपूर्वी संपला. रोहिणीने, माझ्या मुलीने, लग्न केलं ते मिथुन घरतशी. माझाच विद्यार्थी, नववीत मी स्वतःच्या हाताने नापास केलेला. बाप काळुराम धरमतरच्या मिठागरावर कामाला. गावाला वाटतं मी जात बघितली. मी जात मानत नाही, मी मार्क बघितले. तेव्हाच तिला सांगितलं होतं, मी घरात असताना तू या घरात पाऊल ठेवायचं नाहीस. माझा शब्द आजवर खाली पडलेला नाही. तिनेही तो पाळला. निदान तेवढी शिस्त तरी माझी लागली.

सोमवार, २ फेब्रुवारी

जुनी गाडी वडखळला जनूच्या गॅरेजवर सोडून आलो. पंधरा वर्षं त्यानेच तिची सगळी दुखणी काढली. जनू तिच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "सर, तुमची गाडी पाण्याच्या टाकीपाशी वळली का सगळ्या आळीला कळायचं. कट्ट्यावरचा पत्त्यांचा डाव मोडायचा. आता कसं कळायचं वो लोकांना?" जनूला वाटलं तो गाडीचं कौतुक करतोय. तो वचक माझा होता.

माझ्या बायकोला, वत्सलाला, गाड्यांमधलं काही कळत नाही. स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं हेसुद्धा तिला विचार करून सांगावं लागेल. आज मात्र तिने तीनदा विचारलं, "अहो, हिचा आवाज किती लांबून येतो?"

"विजेवर असली की येतच नाही."

"मुळीच नाही?"

"हळू चालताना डासासारखी गुणगुणते. फाटकाबाहेर ऐकू येत नाही."

तिने फाटकाकडे बघितलं. मग म्हणाली, "काहीतरी बसवता येत नाही का? घंटा वगैरे?"

घंटा! ही काय बैलगाडी आहे? पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाईने यंत्राबद्दल शंका विचारली, म्हणून मी रागावलो नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मंगळवार आणि शुक्रवार माझे रोह्याचे. तिथल्या एका संस्थेने मला शाळेवर सल्लागार नेमलं आहे. सकाळी नऊला निघायचं, नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोहा, आणि साडेचारपर्यंत घरी.

गाडी चालते. नाकारत नाही. खिंडीत चढताना तर इतकी गुमान चढली की ती चालते आहे की ढकलली जाते आहे हेच समजेना. डिझेल गाडी चढताना कण्हायची, मेहनत करते आहे हे कळायचं. हिला मेहनतीची लाज वाटते.

शाळेत पोचलो तर शिपाई दारात नाही, फाटक उघडं, आणि शिक्षकांच्या खोलीतून हसण्याचे फवारे. सुजय नावाचा नवा शिक्षक टेबलासमोर उभा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक वही दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखी धरलेली. "हे अक्षर आहे, की कोंबडी शाईत नाचली?" मुख्याध्यापिका अनिताबाई डोळे पुसत होत्या. मी दारात उभा होतो. ते वाक्य माझं. आवाजही माझा.

सुजयला दहापैकी सहा. हात फार हलवतो.

शिपाई धावत आला. "सर, गाडी कुठाय? आवाज नाय आला!" म्हणजे इतकी वर्षं या शाळेची शिस्त माझ्या सायलेन्सरच्या जोरावर चालली होती. अशा लोकांच्या हाती मुलं आहेत.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी गाडी पोर्चमधल्या प्लगला लावली. सकाळी बघतो तर बटण बंद, बॅटरी कोरडी. पेट्रोलवर रोह्याला जाऊन आलो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायजाला विचारलं. म्हणाली, "मी नाय सर. वीज गेली असंल." वीज गेली तर बटण खाली पडतं का? बायजा खाडीकाठची. माशातलं तिला सगळं कळतं, विजेतलं काही नाही.

वत्सला म्हणाली, पेट्रोलवर चालवलेलीच बरी, सारखी बॅटरी वापरली की खराब होते. हे तिला कोणी सांगितलं? "वाचलं कुठेतरी." माझी बायको तंत्रज्ञान वाचते आहे. कलियुग.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बटण पुन्हा बंद. या खेपेला मी चिकटपट्टी लावली होती, तीही निघालेली. मग मी रोह्याला शाळेतच, अनिताबाईंच्या नाकासमोर, कार्यालयाच्या प्लगला गाडी लावली आणि परतीचा सगळा प्रवास विजेवर केला. तीनलाच घरी पोचलो.

आत गेलो तर वत्सलाच्या हातातली कपबशी खडखडली. मोरीत तीन कप, एक पेला, पेल्याला दुधाची कड. "कोण आलं होतं?" तर म्हणे बायजाची भाची, सात-आठ वर्षांची. मागच्या पडवीत बायजा दम लागल्यासारखी उभी. नाव विचारलं तर तिने वत्सलाकडे बघितलं, कौलांकडे बघितलं आणि म्हणाली, "हौसा." आजच्या काळात सात-आठ वर्षांच्या पोरीचं नाव हौसा! या लोकांना मुलीला धड नावही ठेवता येत नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मागच्या पडवीत माझा शिकवणीचा जुना फळा आहे. त्यावर कोणीतरी लिहिलंय, ८ × ७ = ५४. माझ्या फळ्यावर! लाल खडूने गोल केला आणि खाली लिहिलं, "चूक. पाढा पाठ कर."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

फळ्यावर आठाचा सबंध पाढा. एकही चूक नाही. खाली लिहिलंय, "केला. आता बरोबर का?"

मी लिहिलं, "बरोबर. अक्षर घाण." वत्सला दारातून बघत होती, तिने पदर तोंडाला लावला. हसली की काय, कळलं नाही.

मुलीला डोकं आहे. बायजाच्या घरात जन्मली, वाया जाणार. रोहिणीही या वयात अशीच उलट प्रश्न विचारायची. तिचं काय झालं ते दिसतंच आहे.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

शाळेत मराठी दिनाचा कार्यक्रम होता. आभाराच्या भाषणाआधीच उठलो. शाळेतल्या प्लगवर गाडी पुरती भरलेली होती, येताना सगळी विजेवरच आणली. पावणेदोनला आळीत शिरलो. फाटक उघडं होतं, सवयीने वळवली.

पोर्चच्या उतारावर एक मुलगी बसली होती. पाठ माझ्याकडे, खडूने जमिनीवर काहीतरी काढत होती. मला ती उशिरा दिसली. मी ब्रेक दाबायच्या आत गाडीने पिंप पिंप केलं आणि स्वतःच थांबली. हातभर अंतर राहिलं. जुनी गाडी असती तर थांबली नसती, हे मला इथे लिहावं लागतंय. पण जुनी असती तर मुलगी तिथे बसलेलीच नसती, हेही खरं. ते मला पाच मिनिटांनी कळलं.

मी खाली उतरलो.  ती कमरेवर हात ठेवून उभी. "ओ काका! हॉर्न नाय वाजवायचा का?"

"तू बायजाची भाची ना? हौसा?"

"हौसा माझी धरमतरची आजी हाय. मी किमया. किमया मिथुन घरत, दुसरी अ."

मी गाडीला टेकलो.

"इथे कशाला आलीस?"

"इथल्या आजीकडं. मंगळवारी नि शुक्रवारी शाळा सुटली का येतो आमी आमच्या गावावरून, जित्याहून. मी नि मम्मी. तुमी गाडी इथं नका लावू. ती आजोबांची जागा हाय. ते जाम खडूस हायत."

"कोण म्हणतं खडूस?"

"मीच. मम्मी म्हणते हुशार हायत."

"तू बघितलंयस त्यांना?"

"नाय. त्यांची गाडी टाकीपाशी आली का ऐकू यायची. मग बायजामावशी मागचं दार उघडायची, मम्मी चपला हातात घ्यायची, नि आमी पळायचो. एकदापण पकडले नाय गेलो." हे ती अभिमानाने सांगत होती. "आता त्यांनी नवीन घेतलीय, ती आवाजच करत नाय. आजी नि बायजामावशी तिचं बटण बंद करतात, तरीपण. म्हणून मला राखणीला बसवलंय. पांढरी गाडी आली का आत सांगायचं."

मग तिने गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. चेहरा उतरला.

"तुमी आजोबा नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "रस्ता चुकलो."

गाडी मागे घेतली, वडखळला जाऊन एका हॉटेलात बसलो. गार वडा पुढ्यात ठेवून साडेचारपर्यंत बसलो होतो. नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मुलीने माझा शब्द पाळला. माझी मुलगी माझ्या घरातून चपला हातात घेऊन मागच्या दाराने पळते, आठवड्यातून दोनदा, आणि तिची मुलगी त्याला खेळ समजते. लाज वाटली. कोणाची ते अजून ठरत नाही. वत्सलाची म्हणावी तर तिने शब्द मोडलेला नाही. मी घरात असताना कोणीच आलेलं नव्हतं.

शुक्रवार, ६ मार्च

वत्सलाला काही बोललो नाही. आज परत येताना मुद्दाम पेट्रोलवर आणली, टाकीपाशी वळल्यावर दोन लांब हॉर्न दिले, आणि फाटकाबाहेर मोबाइल बघत बसून राहिलो. मोबाइलमध्ये काहीही नव्हतं. मागच्या दाराची कडी वाजली, मग पुन्हा वाजली. मग आत गेलो.

स्वतःच्या घरात शिरायला मी वर्दी देतो आणि वाट बघतो. सुजयने याची नक्कल केली तर दहापैकी दहा देईन.

वत्सला म्हणाली, "आज हॉर्न का वाजवलात?" म्हटलं, कुत्रं होतं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

मंगळवार, १० मार्च

आज रोह्याला गेलो नाही. सर्दी आहे म्हणून फोन केला. विचार असा होता की आपण घरीच असावं, पुढचं आपोआप होईल. काय होईल हे मी ठरवलेलं नव्हतं. मुलांनी असं अर्धवट उत्तर लिहिलं की मी शून्य द्यायचो.

साडेबाराला आळीच्या तोंडाशी रिक्षा आली. मी खिडकीत होतो. रिक्षा थोडी पुढे आली, थांबली. पोर्चमध्ये पांढरी गाडी उभी होती ना. रिक्षा तिथल्या तिथे वळली आणि परत गेली. मागच्या फटीतून एक छोटा हात बाहेर आला आणि कोणीतरी तो आत ओढला.

स्वयंपाकघरात वत्सलाने कोलंबीचं कालवण केलं होतं, माझ्या एकट्यासाठी फार होतं. ताट वाढलं, स्वतः जेवली नाही. म्हणाली, "आज मंगळवार होता."

"मग?"

"काही नाही."

चाळीस वर्षांत ती मला एकदाही उलट बोललेली नाही. मी याला संसार चांगला चालल्याची खूण समजत होतो.

शुक्रवार, १३ मार्च

शब्द मोडणं मला जमणार नाही. वय झालं, आता नवीन खोड लागायची नाही. पण रात्रभर त्या शब्दाचा नीट विचार केला. "मी घरात असताना तू पाऊल ठेवायचं नाहीस." वाक्यात अट माझ्यावरही आहे. मी घरात नसेन तर काहीच हरकत नाही.

नऊला नेहमीसारखा निघालो. टाकीच्या पलीकडे आंब्याखाली गाडी लावून पेपर वाचत बसलो. पावणेएकला रिक्षा आळीत गेली आणि रिकामी बाहेर आली. दहा मिनिटं थांबून, विजेवर, आवाज न करता, मुंगीच्या पावलाने गाडी आणली. किमया उतारावर होतीच. या खेपेला हॉर्न दिला.

"रस्ता चुकलेले काका!" ती ओरडली. "परत चुकले?"

"नाही. मी आजोबाच आहे."

ती किंचाळत आत पळाली. आत भांडं पडलं, बायजाचा आवाज आला, "व्हयनी, दार! मागचं दार!" मी गाडी पोर्चमध्ये घेतली, काच खाली केली आणि वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, "कोणीही पळायचं नाही! मी घरात नाही! मी गाडीत आहे!"

सगळं शांत झालं. शेजारच्या गच्चीवर दोन डोकी वर आली. येऊ देत.

वत्सला पुढच्या दारात आली. तिला सांगितलं, तुमचं चालू द्या. या गाडीत इंजीन न लावता एसी चालतो, सीट मागे होते, मला काही त्रास नाही. त्या जातील तेव्हा मी आत येईन. तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

थोड्या वेळाने किमया येऊन शेजारच्या सीटवर बसली. सगळी बटणं दाबून बघितली. मला आठाचा पाढा म्हणून दाखवला, मग उलटा म्हणून दाखवला, मग म्हणाली, "माझं अक्षर घाण नाय. तुमचा फळाच खडबडीत हाय." फळा खरोखरच खडबडीत आहे.

तासाभराने रोहिणी बाहेर आली. हातात चहा. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्थात कोण सांगणार? तिने कप खिडकीतून दिला आणि म्हणाली, "बाबा, किती वेळ बसणार असे?"

"तू आहेस तोवर. मी शब्द दिलाय. त्यात बसतं हे."

"बसतं," ती म्हणाली. "गणित बरोबर आहे." मग खिडकीवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्ही तासभर बसलात बाबा. मी नऊ वर्षं बाहेर आहे."

  चहा सांडत उतरलो आणि पुढच्या दाराने आत गेलो. ती माझ्या मागून पुढच्या दारानेच आली. शब्द मोडला. हे मी लिहून ठेवतो.

आत फार काही बोलणं झालं नाही. मिथुन धरमतरच्या जेटीवर सुपरवायझर आहे, म्हणे. मी म्हटलं, बेरजा कोण तपासतं? वत्सलाने डोळे वटारले.  कालवण तिखट होतं, तरी दोनदा घेतलं. किमया माझ्या खुर्चीच्या हातावर बसली होती.

चार वाजले असतील. गाडीचा एसी मी बंदच केला नव्हता. आवाज करत नाही, आठवणार कसं? बॅटरी उतरली आणि पोर्चमध्ये इंजीन घर्रकन आपोआप सुरू झालं.

रोहिणी अर्धी उठली होती. हात चपलेकडे गेला होता. मग तिला मी समोर दिसलो, आणि ती तशीच वाकलेली राहिली. कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, बंद करून येतो. दारापर्यंत गेलो, बाहेर जाववेना. वाटलं, परत येईन तेव्हा मागची कडी वाजलेली असेल. तरी गेलो, बटण दाबलं, इंजीन थांबलं.

परत आलो तेव्हा सगळ्या जागच्या जागी बसल्या होत्या.